चार नंबरचं गाणं

१

“तुहा आवाज? तुह्या आवाजानं कोंबड्या भर दिवसा खुराड्यात जायच्या, चंदे!”

“जायच्या तं जायच्या! तुह्या आवाजानं बैल जू टाकून पळाला होता. साऱ्या गावानं पाह्यलं हाय.”

“तो बैल माशीनं पळाला.”

“माशी काय गानं म्हणून राह्यली होती का?”

सकाळचे दहा वाजले होते आणि भांडणाला दोन तास होऊन गेले होते. रुखमाबाईच्या छपरीत समोरासमोर बसून दोन म्हाताऱ्या एकमेकींचे वाभाडे काढत होत्या. मधे ठेवलेल्या ताटलीतल्या गूळ-शेंगदाण्यांना कोणी हात लावला नव्हता. एरवी चंदाबाईनं एव्हाना ताटली पुसून काढली असती.

दोघींच्या मधोमध, मांडीवर लॅपटॉप घेऊन, नीलिमा बसली होती. सिंदेवाहीच्या लाऊडस्पीकरवाल्या गुणवंतरावांची ती नात. नागपुरात आवाजाचं काम करते, म्हणजे लोकांची गाणी धुऊनपुसून नीट करून देते. आजोबा गेल्यावर घर आवरताना तिला पिठाच्या डब्यात टेपचं मोठं चाक सापडलं. अडतीस वर्षांपूर्वी आजोबांनी काढलेल्या ‘पऱ्ह्याची गाणी’ या कॅसेटचा तो मूळ स्पूल होता. आता ती गाणी पुन्हा निघणार होती. मोबाईलवर, साऱ्या जगात. कव्हर आज संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं. आठही बायांची नावं लिहून झाली होती. गाडी अडली होती एकाच ओळीपाशी. ‘चौथ्या गाण्यातला शेवटचा आवाज’ आणि पुढं कोरी जागा.

“आजी, भांडू नका ना,” नीलिमा म्हणाली. “तिथं दोघींचीही नावं टाकू का?”

“नाई!”

दोघी एकदमच ओरडल्या. अडतीस वर्षांत त्यांचा सूर एवढा जुळला नव्हता.

२

ज्यांनी ती कॅसेट ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, आणि ज्यांनी ऐकली आहे त्यांना पुन्हा ऐकायला आवडेलच.

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात गुणवंतरावांनी या गावातल्या आठ बाया बंडीत बसवून सिंदेवाहीला नेल्या. राईस मिलचं एक गोदाम रिकामं होतं. दाराशी माईक बांधला, त्याच्यासमोर बाया ओळीनं उभ्या केल्या आणि म्हणाले, गा. बाया गायल्या. शाळेतली पोरं पाढे म्हणतात तशा गायल्या. गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला.

तेव्हा चौतीस वर्षांची रुखमाबाई पुढं आली. लुगड्याचा ओचा खोवला, कोपऱ्यातल्या तणसाची मूठ उचलली आणि म्हणाली, “भाऊ, आमी उभ्यानं गात नाई. आमी वाकतो. तुमी तुमचं यंत्र चालू ठेवा, बाकी आमच्यावर सोडा.”

धान रोवणारी बाई आपल्या पातीत, म्हणजे वाट्याच्या पट्ट्यात, वाकून एक एक पाऊल मागं सरकत जाते. पऱ्हं, म्हणजे धानाचं रोप, समोर लावायचं आणि आपण मागं व्हायचं. गाणंही त्या पावलावर चालतं. पाय चिखलातून उपटला की सूर उचलायचा, बोटं चिखलात गेली की श्वास तोडायचा. त्या दिवशी आठही बाया कोरड्या सिमेंटवर वाकल्या आणि गात गात मागं सरकत गेल्या. माईक दाराशीच राहिला. त्यामुळं त्या कॅसेटवरचं प्रत्येक गाणं कानाशी सुरू होतं आणि दूर दूर जातं.

हीच तर गंमत आहे! बाकी सगळी गाणी माणसाकडं येतात. ही गाणी जातात. जाणाऱ्याला थांब म्हणता येत नाही आणि कान तर तिकडून काढवत नाही. लग्नाच्या मांडवात वाजली, धानोऱ्याच्या बाजारात वाजली, कोरपन्याला सिमेंटच्या कारखान्यात गेलेले इकडचे मजूर ती उशाशी घेऊन झोपले. सासरी जाणाऱ्या कितीतरी पोरींच्या ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांखाली ती कॅसेट निघायची. आज नागपुरा-मुंबईकडं लाखो रुपयांची यंत्रं आहेत, पण असं जाणं एकालाही जमलेलं नाही. कसं जमेल? त्यासाठी पाठ मोडावी लागते.

आणि चार नंबरचं गाणं! त्यात बाया पहिली ओळ म्हणत पार भिंतीपर्यंत जातात, आवाज धाग्याएवढा होतो आणि मग त्यातूनच एक आवाज उठतो. तो जात नाही. तो येतो. भरत येतो, चढत येतो, ऐकणाऱ्याच्या थेट तोंडासमोर येतो.

धुऱ्यावर आल्या साऱ्या बाई, ऊन उतरलं खाली,
कोनाची पात मागं राह्यली…

‘राह्यली’पाशी गाणं तुटतं; त्या बाजूला पुढं काहीच नाही. बायांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पुरुषांची विडी हातातच विझायची. कॅसेट चालली ती त्या एका आवाजावर. तो आवाज माझा, असं रुखमाबाई अडतीस वर्षं सांगत आली. तो आवाज माझा, असं शेजारची चंदाबाईही अडतीस वर्षं सांगत आली.

कव्हरवर मात्र नाव होतं ‘गुणवंतराव आणि पार्टी’. रुखमाबाई वाचायला शिकली ती त्या कव्हरासाठी. लेकाची पाटी ओढून घेऊन तीन महिन्यांत अक्षरं लावली आणि पहिलं काय वाचलं, तर आपलं नाव नसलेला तो कागद. त्या दिवशी ती जेवली नाही. मग रागारागानं वाचतच सुटली. खताची पोती, रेशनच्या दुकानाची पाटी, पेपर, वाचनालयातली दोन्ही कपाटं. आज ती ग्रामसभेत सरपंचाच्या ठरावातल्या चुका काढते. पण छापलेल्या कागदावर आपलं नाव वाचायचं राहिलं होतं ते राहिलंच होतं. आणि आता ते साऱ्या जगात छापून येणार होतं. सोडते की काय ती?

३

“मले ऐकू दे एकदा. कानाले लावायचं ते दे,” ती म्हणाली. चंदाबाई रागानं पाणी भरायला निघून गेली होती, तेवढ्यात.

नीलिमानं हेडफोन तिच्या पदरावरून नीट बसवला. आणि काय सांगावं! अडतीस वर्षं कॅसेटच्या घरघरीखाली दबलेलं सगळं एकदम उघडं झालं. बांगड्या. ओच्याची सळसळ. कोणाचं तरी दबलं हसू. आणि चौतीस वर्षांची रुखमा, ओळीच्या शेवटी नाकात ‘हं’ करणारी, अगदी हातभर अंतरावर! म्हातारीच्या अंगावर शहारा आला. तिनं मांडीवर ठेका धरला. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. सगळ्या आठ जणी तिनं आवाजानं ओळखल्या. त्यातल्या सहा आता या जगात नव्हत्या, पण कानात मात्र वाकून मागं मागं चालल्या होत्या. “गुणाबाई!” ती मधेच ओरडली. “अवं, गुणाबाईचा खोकला हाय हा!” नीलिमा हसली.

चौथं गाणं लागलं. आठ जणी सरकल्या. दूर गेल्या. आणि तो आवाज उठला.

रुखमाबाईचा ठेका थांबला.

आवाज पलीकडून येत होता. आणि त्याच्या मागं, दूर भिंतीशी, अजूनही पहिली ओळ म्हणत, शेवटी ‘हं’ करणारी एक बाई होती. ती रुखमा होती. ती तिथं भिंतीशी होती, तर मग हा येणारा आवाज तिचा कसा असेल?

खरं सांगायचं तर तिला हे ठाऊक होतं. पोटात कुठंतरी अडतीस वर्षं ठाऊक होतं. दुसरी ओळ तिनं उचलायची असं ठरलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि कोणीतरी आधीच ओळ उचलली. चंदीनं ओढली, असं तिनं त्याच क्षणी ठरवून टाकलं. ओळ हक्काची आपली होती, म्हणून आवाजही आपलाच, असं ती सांगत राहिली. मग सांगता सांगता तिला ते खरंही वाटू लागलं होतं.

म्हणजे चंदीच. जीव जळला, पण चंदीच. ती हेडफोन काढणार, तोच आवाजाखाली तिला दुसरं काहीतरी ऐकू आलं.

पचक. पचक. पचक.

“हे काय वाजून राह्यलं वं, नीलिमा?”

नीलिमानं एक कान स्वतःला लावला. “पाऊल वाटतंय. चिखलातलं. गोदामात चिखल केला होता का तुम्ही?”

“तांदळाच्या गोदामात? मालकानं आमाले पायतानसुद्धा बाहेर काढायले लावलं होतं!”

“मग जुनी टेप असेल. आजोबा एकावर एक भरायचे. खालचं थोडं राहून जातं कधीकधी.”

पटण्यासारखं होतं. रुखमाबाईला पटलंही. बिनबुडाच्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती ती. गावात कोणाच्या अंगात आलं की हीच पाण्याची बादली घेऊन धावायची. पण पटलं तरी तिनं गाणं पुन्हा लावायला लावलं आणि या वेळी बोटांवर मोजलं. सव्वीस. सव्वीस पावलं टाकून तो आवाज येत होता.

आणि पावलं उलटी होती. म्हणजे सुलटी होती. हे दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. मागं सरकणाऱ्या बाईचा पंजा आधी टेकतो, मग टाच. तिचं पाऊल ‘पच्च’ म्हणून बसतं आणि सावकाश सुटतं. हे पाऊल सरळ पुढं पडत होतं. बांधीत, धानाच्या वाफ्यात, कोणी पुढं चालत नाही. पुढं चालणारी बाई आपण लावलेलं पऱ्हं आपल्याच पायांनी तुडवते.

“नीलिमा,” रुखमाबाई उठून उभी राहिली. तिच्या छातीत मंडईच्या जत्रेतल्या तमाशाची ढोलकी वाजत होती आणि ती भीतीची नव्हती, निदान निम्मी तरी नव्हती. “तुही स्कूटी काढ. मले ते गोदाम पाह्याचं हाय.”

४

भर वैशाखातली दुपार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भेगा पडलेल्या बांध्या, तलावाच्या तळाशी ढोरं चरताहेत. सत्तरी ओलांडलेली बाई स्कूटीच्या मागं पदर दातांत धरून बसली होती आणि “जोरात घे, जोरात!” म्हणत होती.

गोदाम आता नुसतंच उभं होतं. मिलच्या चौकीदारानं, इस्तारीनं, कुलूप काढलं. “आत काईच नाई, बाई. उंदरंई सोडून गेली.”

“मी उंदरं पाह्याले नाई आली, भाऊ.”

आत कोंडा आणि तापलेल्या पत्र्याचा वास होता. जमीन कोरडी खडखडीत. नीलिमानं टाळी वाजवली. आवाज भिंतीवर आपटून परत आला. “छान घुमतं,” ती खूष होऊन म्हणाली. “म्हणूनच तो आवाज जवळ आल्यासारखा वाटत असेल.”

“थांब.” रुखमाबाई दाराशी गेली, माईक होता तिथं. ओचा खोवला. वाकली. गुडघ्यानं ‘काय गं बये’ म्हटलं, तिनं ऐकलं नाही. ओठांत गाणं धरून ती मागं सरकू लागली. एक. दोन. पाच. आठ. अकरा.

अकराव्या पावलाला तिची पाठ भिंतीला टेकली.

ना दार, ना खिडकी. सलग भिंत, आणि भिंतीपलीकडं मिलचं आवार.

“नीलिमा, इथून दारापर्यंत पावलं किती?”

“अकरा म्हणालात ना. पण आता वयानं पाऊल लहान झालं असेल, आजी.”

“म्हाताऱ्या पावलानं अकरा. तं जवान पावलानं किती? नऊ?” तिचा आवाज चढला होता, डोळे लकाकत होते. “अन् ती सव्वीस पावलं चालून आली. सतरा पावलं कुठून चालत होती वं ती?”

नीलिमानं हातातला मोबाईल पर्समध्ये टाकला.

रुखमाबाई भिंतीशी वाकलेलीच राहिली. वाकलेल्या बाईला काय दिसतं? आपले दोन हात आणि हातांखालची जमीन. चाळीस पावसाळे तिनं तसेच काढले होते. रोवणीत बाई शेजारणीचा आवाज ओळखते, तोंड पाहत नाही. त्या दिवशी समोरून कोणी चालत आलं असतं, तर आठ जणींपैकी एकीलाही दिसलं नसतं.

आणि ते गाणं तर रोवणी संपतानाचं. साऱ्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोहोचल्या की मागं राहिलेल्या पातीसाठी विचारायचं: कोनाची पात मागं राह्यली, कोन नाई आली? मग रांगेतून एक नाव निघायचं. बाईनं स्वतःहून घ्यावं नाहीतर दुसरीनं तिचं घ्यावं, हसत, चिडवत. पण नाव निघालं की त्या बाईनं पुन्हा बांधीत उतरायचं आणि राहिलेली पात एकटीनं पुरी करायची. त्यातून सुटका नाही. पाटलीण असली तरी नाही.

त्या दिवशी नाव निघालं नव्हतं. गोदामात पातच नव्हती, तर कोणाचं निघणार?

“आजी,” नीलिमा हळूच म्हणाली, “एक सांगायचं राहिलं. स्पूलवर ते गाणं तिथं संपत नाही. पुढं चार मिनिटं आहेत. आजोबांनी कॅसेटमध्ये का घेतली नाहीत कळत नाही. जागा तर होती.”

जागा होती. रुखमाबाईला ती जागा पाठ होती. चौथं गाणं तुटलं की कॅसेट बराच वेळ नुसती खरखरत राहायची, बाजू पलटायला कोणाचा पाय उचलत नसे.

“काय हाय त्या चार मिनिटांत?”

“मी पूर्ण ऐकलं नाही,” नीलिमा म्हणाली. “ऐकवेचना.”

५

परतताना स्कूटीवर रुखमाबाईनं निर्णय घेऊन टाकला. त्या ओळीपुढं कोणाचंच नाव लिहायचं नाही. अडतीस वर्षांचा हट्ट होता, पण तिनं तो रस्त्यावरच्या धुळीत सोडून दिला. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नाव निघू द्यायचं नाही, एवढंच.

चंदाबाई छपरीतच बसली होती. गूळ-शेंगदाणे संपलेले.

“कुठी गेल्या होत्या मले सोडून?”

“चंदे, ऐक. त्या आवाजाले नाव नाई टाकायचं. ना तुहं, ना माहं.”

“वा वा वा!” चंदाबाई टाळी वाजवून उठली. “आता माहं नाव यायची येळ आली तं हिले शहानपन सुचलं! काऊन? काऊन नाई टाकायचं?”

“मी म्हणते म्हणून.”

“तू कोन कलेक्टर लागून गेली का? साऱ्या जन्मात एक काम धड केलं मी. लेकरं झाली तीई तुह्या सल्ल्यानं मोठी केली. हे एक माहं हाय.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. दोन वर्षांपासून चंदाबाईचं विसरणं वाढलं होतं. वरणात साखर पडायची, मधल्या लेकाचं नाव आठवायला थोरल्यापासून सुरुवात करावी लागायची. आजचा वार, कालचं जेवण, गेल्या वर्षी गेलेला नवरा, सगळ्याला ती रुखमाबाईकडं पाहून विचारायची आणि रुखमाबाई सांगेल ते खरं मानायची. एकट्या या गाण्यांबद्दल मात्र ती कोणालाच विचारत नसे. ती तिची तिला आठवायची.

“छातीवर हात ठेवून सांग, रुखमे! तू गायली? तू ओळ उचलली? अवं, मी तुह्या बाजूलेच होती. मी वाट पाहून राह्यली होती तू कवा उचलते म्हणून. माह्या तं छातीत श्वासच नोता. मी म्हटलं, उचलली हिनं, बरं झालं…”

ती थांबली. आपण काय बोललो ते तिलाच उमगलं नाही.

रुखमाबाईला उमगलं. तिच्या पाठीवरून, भर उन्हात, माठातलं पाणी ओतल्यासारखं काहीतरी उतरलं. चंदी नव्हती. चंदीला वाटत होतं रुखमी, रुखमीला वाटत होतं चंदी. दोघी अडतीस वर्षं त्या आवाजाची वाटणी करत होत्या आणि तो दोघींचाही नव्हता. तरी छातीत ढोलकी वाजतच होती! भांडण मिटल्यासारखं तिला क्षणभर हसूच फुटलं.

“म्हणजे तूई नाई गायली, चंदे.”

“मी नाई गायली?” चंदाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या. मग त्या पुसल्या गेल्या. “मीच तं गायली! नीलिमा, लिही. माहं नाव लिही, चंदा…”

“गप!” रुखमाबाई एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसलं.

६

नीलिमाला वाटलं, एकदाचं ऐकवून टाकलं की वाद मिटेल. शिकलेल्या माणसांना असंच वाटतं. तिनं लॅपटॉपला छोटा स्पीकर जोडला आणि तो छपरीच्या कडेवर, अंगणाकडं तोंड करून ठेवला. चार वाजले होते. सकाळी सारवलेलं अंगण उन्हानं वाळून पापडासारखं झालं होतं.

“नको लावू,” रुखमाबाई म्हणाली. पण तिनं हात पुढं केला नाही. ऐकायचं तर तिलाही होतं. तिच्याइतकं कोणालाच नव्हतं.

आठ जणी वाकल्या. मागं गेल्या. गुणाबाई खोकली. आवाज उठला, आणि पावलं.

“वा!” चंदाबाई डोळे मिटून डोलली. “ऐक माहा आवाज!”

पचक, पचक. आवाज चढला, भरला. कोनाची पात मागं राह्यली… इथं कॅसेटवरचं गाणं तुटायचं. स्पूल पुढं चालला.

पावलं थांबली.

मग शेवटचे तीन शब्द आले. गाऊन नाही, बोलून. तोंडाशी तोंड आणून माणूस बोलतो तसे.

“कोन नाई आली?”

स्पीकर चालू होता. खरखर नव्हती, बांगडी नव्हती. भिंतीशी असलेल्या आठ जणींचा श्वाससुद्धा नव्हता. नुसती कोणीतरी वाट पाहत होती. नीलिमानं बंद करायला बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडद्यावरचा आकडा थांबला होता.

“कोन नाई आली?” स्पीकरमधून आलं.

चंदाबाईनं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर एकदम पोरीसारखा उजेड आला. तिनं ओचा खोवला आणि पायरी उतरून अंगणात गेली. “अवं, विचारून राह्यली ना ती! गप काऊन बसल्या साऱ्या? सांगा ना कोनी!”

“चंदे, इकडं ये.”

“तिची पात खोळंबली ना वं. मी सांगते. आवाज माहा, तं सांगायचं मीच.”

रुखमाबाईला तेव्हा ते दिसलं. चंदाबाईच्या पायांच्या बोटांसमोर, वीतभर अंतरावर, वाळलेलं सारवण दबलं. आवाज न होता दबलं, पिठात हात दाबावा तसं. आधी टाच, मग पंजा. पंजा चंदाबाईकडं. आणि त्या खळग्यात खालून पाणी येऊ लागलं, गढूळ, सावकाश, कडेपर्यंत. त्यात हिरवं काहीतरी तुडवलेलं होतं.

चंदाबाई खाली पाहत नव्हती. ती समोर पाहत होती आणि कोणाला तरी हसून मान डोलवत होती. तिनं श्वास भरला.

आता ही आपलं नाव घेणार, आणि नाव निघालं की सुटका नाही. रुखमाबाईचं डोकं भांडणात चालायचं तसं भराभर चाललं. माझा आवाज म्हणावं, तर ही वर आवाज चढवून स्वतःचं नाव घेईल. भीती सांगावी, तर जळते म्हणेल. हिचं तोंड मिटवायला एकच मार्ग होता. हिच्याकडून ती दुपारच काढून घ्यायची. आपण सांगू ते ही खरं मानते. जी रांगेत नव्हतीच ती नाव कसलं घेणार? मग ती पुढचे सहा महिने बोलली नाही तरी चालेल, साऱ्या जन्मात बोलली नाही तरी चालेल. रुखमाबाईनं पायरीवर उभं राहून, चौतीस वर्षांच्या बाईच्या छातीनं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला.

“चंदे, त्या दिवशी तू आलीच नाई!”